गवतासाठी थांबलेली गाडी

केनियातल्या मसाई मारात जाऊन सिंहाचा फोटो न मिळणं अवघड आहे. सिंह दिवसातले वीसेक तास लोळत असतो, तेही उघड्या माळावर. दहा पावलांवर गाडी येऊन थांबली तरी एक डोळा किलकिला करून बघतो, जांभई देतो आणि पुन्हा मान टाकतो. आपल्याकडे ताडोब्यात बांबूच्या जाळीत एक पट्टा हलल्यासारखा वाटला तर जिप्सीभर माणसं गप्प होतात. तिथे सिंहीण गाडीच्याच सावलीला येऊन बसते आणि आता गाडी सुरू कशी करायची, हा प्रश्न पडतो. त्यामुळे मारातून परतलेल्या प्रत्येकाकडे सिंहाचे फोटो असतात आणि ते बहुतेक एकसारखे असतात. माझ्याकडचेही तसेच आहेत.

मला हवे होते पक्षी, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

केनियातली सफारी 'बिग फाइव्ह'वर चालते. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि तिथली रानम्हैस. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी जाऊन मारायला सगळ्यांत अवघड आणि अंगावर येणारी जनावरं कोणती, तर ही पाच. केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुका गेल्या, यादी राहिली. ड्रायव्हर सकाळी गाडी काढतो तो रेडिओकडे कान ठेवूनच. अमक्या ओढ्याशी बिबट्या झाडावर आहे म्हटलं की गाडीचं तोंड तिकडे. त्याचंही काही चुकत नाही. शेवटच्या दिवशी पाहुणे टीप देतात ती सिंह-बिबट्यांच्या हिशेबानंच. चंडोल दाखवला म्हणून कुणी चार शिलिंग जास्त हातावर ठेवल्याचं त्यानं कधी पाहिलेलं नसतं.

आम्ही नवरा-बायको सुरुवातीला एका मराठी ग्रुपबरोबर होतो. मे महिना, सुट्ट्या, सहा माणसांची छप्पर वर उचललं जाणारी गाडी. नागपूरचे काका-काकू, ठाण्याचं एक जोडपं. माणसं स्वभावानं गोड, बाकरवडीचा डबा सतत फिरता. पण मी "थांबा, थांबा" म्हटलं की काकू आशेनं उठून उभ्या राहायच्या.

"कुठाय?"

"ते बघा, वारुळाच्या डावीकडे. लाँगक्लॉ. गळा कसा पिवळाधमक आहे, आणि खाली काळा पट्टा."

"अगं, चिमणीच की गं ती!" मग ड्रायव्हरला, "चलो भैया, लायन."

भैयाला हिंदी येत नव्हतं, पण लायन कळायचं. गाडी निघायची.

त्या टूरमध्ये मारा शेवटी होतं, आधी नाकुरू आणि नैवाशा ही दोन तळी. नाकुरूचं चित्र आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. काठभर लाखो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाणी दिसतच नाही, दिसते ती नुसती गुलाबी किनार. प्रत्यक्षात साधारण २०११ नंतर तळ्याचं पाणी चढत गेलं. उद्यानाचं जुनं मुख्य प्रवेशद्वार पाण्यात गेलं, काठची पिवळ्या सालीची बाभळीची राईसुद्धा गेली. छोटा रोहित जगतो तो खाऱ्या, क्षारांनी जड झालेल्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर. पाणी वाढलं, क्षार पातळ झाले, शेवाळ कमी झालं आणि रोहितांनी बोगोरियासारखी दुसरी तळी धरली. आम्ही गेलो तेव्हा दूरवर थोडे रोहित होते. जवळ होती ती पाण्यात उभी वाळलेली झाडं आणि त्यांच्या फांद्याफांद्यांवर पाणकावळे. ग्रुपमध्ये हळहळ झाली. मला ती निष्पर्ण झाडं फोटोला फार बरी वाटली. खरं म्हणजे आजच्या नाकुरूचा फोटो तोच आहे. गुलाबी गर्दीच बघायची तर आपली शिवडी आणि ठाण्याची खाडी काय वाईट आहे? हिवाळ्यात लोकलचं तिकीट काढायचं की झालं.

नैवाशाला गोड्या पाण्याचं तळं आहे, काठाला पपायरसची बेटं, पाण्यात पाणघोडे आणि झाडाझाडावर फिश ईगल. पांढऱ्या डोक्याचा, तांबूस पोटाचा हा गरुड ओरडतो तेव्हा मान पार मागे टाकतो, आणि तो आवाज तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. नावाड्याच्या पायाशी एक प्लास्टिकची बादली होती, तीत तिलापिया मासे. त्यानं एका माशाच्या तोंडातून पपायरसची हलकी काडी आत सारली, म्हणजे मासा बुडत नाही, पाण्यावर तरंगतो. मग दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. पलीकडच्या झाडावरच्या गरुडानं मान वळवली. नावाड्यानं आम्हाला विचारलं, "रेडी?" सूर्य पाठीशी येईल अशी बोट वळवून झालेली होती. मासा फेकला. गरुड झाडावरून सरळ खाली आला, पाण्याच्या जरा वर पंख पसरून पाय पुढे केले, मासा उचलला आणि पाण्याची एक माळ ओढत निघून गेला. बोटीत सगळ्यांचे कॅमेरे एकदम कडकडले. फोटो उत्तम आला. गरुडाचा डोळा, नख्यांतून निथळणारे थेंब, सगळं जागच्या जागी.

अडचण हीच की तो उत्तम आला. तसाच फोटो आदल्या बोटीला मिळाला होता आणि पुढच्या बोटीला मिळणार होता. गरुडाला बोट ओळखता येते, शीळ ओळखता येते, मासा किती वाजता मिळतो तेही कळतं. पोटापाण्याला लागलेल्या नावाड्याला मी नावं ठेवणार नाही. बादलीवाल्या बोटीला गिऱ्हाईक मिळतं आणि बिनबादलीच्या बोटीला मिळत नाही, हे त्यानं गिऱ्हाइकांकडूनच शिकलंय. आपल्याकडेही खंड्यासमोर टाकीत मासे सोडून, घुबडासमोर उंदीर बांधून काढलेले फोटो स्पर्धांना येतात. परीक्षकांना ते बहुधा ओळखू येतात. दोरा नीट पुसला असेल तर येत नाहीत. मला वाटतं, निदान फोटोखाली लिहावं. 'नैवाशा, बोटीतून, मासा टाकून.' एवढं लिहिलं की फोटो खोटा राहत नाही, फक्त त्याचा भाव उतरतो. तो उतरायलाच हवा.

मारात पोहोचल्यावर आम्ही ग्रुपमधून बाहेर पडून वेगळी गाडी केली. खिशाला चाट बसली. नवरा म्हणाला, "चिमण्यांसाठी एवढे?" मग दुर्बीण गळ्यात अडकवून आधी तोच गाडीत जाऊन बसला. ड्रायव्हर-गाइड तिथल्याच मासाई जमातीचा होता, गाडीच्या टपावर बसून गुरं राखल्यासारखा नजर फिरवणारा. मी पक्ष्यांची यादी दाखवली तेव्हा त्यानं ती शांतपणे वाचली, दोन नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "या दोघांसाठी कुणी मला कधी थांबायला सांगितलं नाही. मला मात्र ते कुठे असतात ते माहीत आहे." एक होता सेक्रेटरी बर्ड, दुसरा जॅक्सन्स विडोबर्ड.

जाणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून थोडं सामानाचं बोलते. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड परतताना मुंबईला दाखवायचं. नसेल तर विमानतळावरून घरी नाही, थेट विलगीकरणात. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा डब्यातून न्यावा. लेन्स मी भाड्यानं घेतली, २००-६०० मिलिमीटरची. ट्रायपॉड गाडीत शुद्ध अडगळ. त्याऐवजी रिकामी बीनबॅग न्यायची आणि तिथे गेल्यावर भरायची. मी नैरोबीच्या दुकानातून राजमा घेऊन भरली, खिडकीच्या चौकटीवर टाकली की लेन्स घट्ट बसते. परतताना तो राजमा कॅम्पच्या भटारखान्यात दिला. गाडीचं इंजिन बंद करून घ्यायचं आणि शेजारच्या माणसाला हलू नका म्हणायचं. हे दुसरं नवऱ्याला सांगणं जास्त अवघड.

विषुववृत्त जवळ असल्यानं तिथे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि उगवतो तो तिरका वगैरे न जाता सरळ वर चढतो. आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणला सकाळभर पुरणारं कोवळं ऊन तिथे तासाभरात संपतं. नऊ वाजले की गवतावरून झळा निघायला लागतात. डोळ्यांना काही जाणवत नाही, पण सहाशेच्या लेन्समधून पन्नास पावलांवरचा पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. त्यावर कुठल्याच महाग लेन्सचा इलाज चालत नाही. जवळ जाणं हाच उपाय, आणि राखीव क्षेत्रात वाट सोडून गाडी घालता येत नाही. म्हणजे पक्ष्यानंच वाटेजवळ यायचं. त्यातून आदल्या रात्री पाऊस झालेला. चाकं रुतली की खाली उतरून बघायचीही गरज नव्हती. ती माती मी ओळखते. सोलापूरकडच्या आमच्या काळ्या रानात चप्पल जशी रुतते तशीच, आणि तिथेही तिला 'ब्लॅक कॉटन सॉइल'च म्हणतात.

सेक्रेटरी बर्ड पहिल्यांदा दिसला तो चालताना. हा गरुडांचा भाऊबंद, पण दिवसभर पायी फिरतो. करकोच्यासारखे लांब पाय, गुडघ्यापर्यंत काळी तुमान, डोक्यामागे लेखणीसारखी पिसं, चेहरा नारिंगी. गवतातून असा चालतो की तपासणीला आलेला मामलेदार वाटावा. मधेच थांबतो, मान वाकडी करतो आणि एका जागी पाय आपटायला लागतो. साप, सरडे, टोळ जे काही बुडाशी असेल ते हलतं, आणि मग एक लाथ. नुसती लाथ. चोचीचं काम नंतर.

त्या लाथेवर ब्रिटनमध्ये एका पाळलेल्या पक्ष्याला घेऊन प्रयोग झाले आहेत. लाथेचा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचपट भरला आणि पाय भक्ष्याला टेकून राहिला तो सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम पंधरा भाग. हे मी आधी वाचलेलं होतं, पण त्याचा अर्थ तिथे बसल्यावर कळला. माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो, म्हणजे दोन फोटोंमध्ये तशा पन्नास भागांची फट राहते. त्या एका फटीत ती लाथ तीनदा मावेल. माझ्या कार्डावर पाय वर उचललेला आहे, पाय खाली गवतात गेलेला आहे, धूळ उडालेली आहे, टोळ चोचीत आहे. लाथ नाही. बटण दाबून धरणं म्हणजे सगळं पकडणं, अशी आपली एक समजूत असते; हा पक्षी फटींमधून निसटून ती खोटी ठरवतो. नवऱ्यानं तेवढ्यात दुर्बिणीतून लाथ पाहिली होती आणि ते तो अजून सांगतो.

दुसऱ्यासाठी ड्रायव्हरनं गाडी एका उतारावर, कमरेएवढ्या गवताशी लावली. दिसत काहीच नव्हतं. "थांबा," म्हणाला. मग गवतातून एक काळा गोळा वर उडाला आणि पडला. दुसरीकडे आणखी एक. मग चारही बाजूंना, कढईत फुटाणे उडावेत तसे. जॅक्सन्स विडोबर्डचा नर एरवी तपकिरी, चिमणीएवढा, कुणी ढुंकून बघणार नाही असा. विणीच्या दिवसांत काळाकुळकुळीत होतो, शेपटी लांब होऊन बाकदार वळते. गवत तुडवून तो एक गोल रिंगण करतो, मध्ये एक झुबका मुद्दाम ठेवतो आणि त्या झुबक्याभोवती उड्या मारतो. मान मागे, शेपटी वर, पाय हवेत सायकल मारल्यासारखे. जो जास्त उड्या मारतो त्याच्याकडे माद्या जास्त येतात. हा हिशेब अभ्यासकांनी उड्या मोजून काढला आहे.

फोटो काढणं महाकर्मकठीण. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस अतिशय हुशार असतो आणि ती सगळी हुशारी तो पुढच्या गवताच्या काडीवर खर्च करतो. पक्षी वर येतो, कॅमेरा काडी स्पष्ट करतो, पक्षी खाली जातो. शेवटी मी फोकस हातावर घेतला, रिंगणातल्या झुबक्यावर पक्का केला आणि तिथेच सोडला. पक्षी काळा, मागे उजेडाचं गवत. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं ऐकलं तर नुसता कोळसा येतो, म्हणून उजेड वाढवून घ्यायचा. मग फक्त उडी ओळखायची. उडीआधी तो क्षणभर खाली दबतो. गवत हलायचं थांबतं. ते थांबलं की बटण. सकाळ त्यात गेली. शेजारच्या वाटेवरून गाड्या भरधाव जात होत्या, रेडिओवर कुठेतरी बिबट्या निघाला होता. एक गाडी थांबली, छपरातून चार डोकी वर आली, "व्हॉट हॅव यू गॉट?" विचारलं. ड्रायव्हरनं गंभीरपणे सांगितलं, "ग्रास." ती गाडी गेली. आम्ही तिघं बराच वेळ हसत होतो.

पण तो खोटं बोलला नव्हता. लाँगक्लॉ, चंडोल, तीरचिमण्या, विडोबर्ड, सेक्रेटरी बर्ड, हे सगळे गवताचे पक्षी. एकाला आखूड लागतं, एकाला उंच, एकाला नुकतं जळून कोवळं फुटलेलं. मारातल्या माळावर जे तांबूस रेड ओट गवत डोलतं ते थेमेडा कुळातलं, त्याची भावंडं आपल्या माळावरही आहेत. सिंहामागे धावणाऱ्या गाडीतून हे गवत म्हणजे नुसती पार्श्वभूमी, लेन्सनं धूसर करून टाकायची वस्तू. पक्ष्यासाठी थांबलं की तेच समोर येतं.

कोरी बस्टर्ड दिसला तो दुपारी, फोटोच्या दृष्टीनं अगदी वाईट वेळी. उंच, राखी मानेचा, अंगावर बारीक नक्षी. मान खाली घातली की गवताची सावली होऊन जातो, वर काढली की पुन्हा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक, नर अठरा किलोंपर्यंत भरतो. गाडीपासून वीसेक पावलांवर तो आपला एकेक टोळ वेचत चालला होता. ड्रायव्हर म्हणाला, "कोरी. कॉमन."

माझं माहेर सोलापूर. नान्नज तिथून वीसेक किलोमीटर. माळढोकसाठी अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं. मनोऱ्यावरून एकच दुर्बीण सगळ्यांत फिरली आणि माझ्या वाट्याला आला तो झळांमध्ये थरथरणारा एक उभा ठिपका. बाईंनी सांगितलं म्हणून तो माळढोक. आज तिथे एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. देशात मिळून दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि तिथे विजेच्या तारांवर आपटून मरतात. कोरी हा त्याच्याच कुळातला, उंचीला, चालीला, मान ताठ धरून संशयानं बघण्याला हुबेहूब. त्याच्या प्रत्येक पिसाची नक्षी दिसेल असे फोटो मी काढले. आमच्या माळावरच्या पक्ष्याचा चेहरा मला असा परक्या माळावर वाचता आला.

कोरीचे फोटो मी सोलापूरला एका नात्यातल्या आजोबांना दाखवले. शेतकरी माणूस. ते म्हणाले, "हा आमच्या करडईत यायचा. मग त्याचं अभयारण्य झालं आणि आमचा सातबारा अडकला." यात तथ्य आहे. ते अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं, खरेदी-विक्री अडकली आणि माणसांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र पुष्कळ कमी केलं. तोवर पक्षीही गेला होता.

माराभोवतीची पद्धत वेगळी आहे. राखीव क्षेत्राच्या कडेची बरीच जमीन मासाई कुटुंबांच्या मालकीची. तिथे कंझर्व्हन्सी नावाची व्यवस्था बसली आहे. मालक जमीन एकत्र करून पर्यटन कॅम्पांना भाड्यानं देतात, भाडं थेट कुटुंबाला जातं, गुरं ठरावीक पद्धतीनं चरतात आणि गाड्यांची संख्या मोजकी ठेवतात. सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. चराईवरून, भाड्याच्या वाटपावरून भांडणं होतात, हे आमचा ड्रायव्हरच सांगत होता. त्याच्या काकांची जमीन त्यात आहे. पण महिन्याच्या महिन्याला गवताचे पैसे मिळतात. आपल्याकडे गवताळ माळ सरकारी नोंदीत पडीक म्हणून जातो. पडीक म्हटलं की त्यावर कुणाचंही मन बसतं. वनीकरणवाला खड्डे खणतो, कुणी प्लॉट पाडतो, कुणी सौर पॅनेल मांडतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण ओसाड जागेचं सोनं करतोय.

चित्त्याचं सांगितलं नाही तर घरचे म्हणतील, गेलीस कशाला. चित्ता दिसला, वारुळावर बसलेला, डोळ्यांखाली ती काळी आसवांची रेघ. आणि भोवती गाड्या. एका जनावरापाशी पाचच गाड्या असा तिथला नियम आहे. गाड्या डझनभर तरी होत्या. मला कोल्हापूर आठवलं. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचा, कळप दिसला की पट्टी काढायची. आपले चित्ते संपत आले तसे ते आफ्रिकेतून बोटीनं मागवले जात. चित्तेवानांची घराणी होती. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो उद्यानासाठी पुन्हा आफ्रिकेतूनच आणले. म्हणजे ही आयात आपल्याला नवी नाही.

त्या वारुळाभोवतीच्या गर्दीत एक आकडा डोक्यातून जात नव्हता. मारात २०१३ ते २०१७ दरम्यान चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास झाला. पर्यटकांची वर्दळ फार असलेल्या भागात दर विणीमागे सरासरी ०.२ पिल्लं जगून मोठी झाली. वर्दळ कमी तिथे २.३. गाड्यांखाली कुणी चिरडत नाही. शिकार हुकते, आई पिल्लांपासून दूर जाते, गाड्यांच्या घोळक्यावरून तरसांनाही पत्ता लागत असेल. आपण काहीही हात न लावता, फक्त बघून, एवढं करतो. मी ड्रायव्हरला निघू या म्हटलं. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. चित्ता सोडून निघालेलं गिऱ्हाईक त्याला नवीन असावं.

गिधाडं मात्र मी मनसोक्त पाहिली. एका मेलेल्या झेब्र्यावर आधी एक, मग आकाशातून रांग लागावी तशी उतरली. मोठं गिधाड आलं की लहान मागे सरतात, पंख उघडून धावतात, मारामारी, चिखल, आणि वास असा की नवऱ्यानं रुमाल बांधला. आपल्याकडे गुरांच्या डायक्लोफिनॅकनं गिधाडं गेली, २००६ मध्ये ते औषध बंद करेपर्यंत गावाबाहेरची ढोरफोडीची जागा ओकी झालेली होती. तिथे दुखणं वेगळं. सिंहानं गाय मारली की चिडलेला मालक मढ्यात कीटकनाशक घालतो, सिंह मरतो आणि त्याच्याबरोबर पन्नास गिधाडं. फोटोत वास येत नाही, विषही दिसत नाही. दिसतात त्या फक्त माना.

आम्ही परत निघालो तेव्हा मे सरत होता. त्याच सुमारास पावसाच्या वाऱ्यांबरोबर चातक आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून आपल्याकडे यायला लागतात. विमानातल्या बाकीच्यांप्रमाणेच तेही आफ्रिकेतून इकडे येतात, त्यांना कुणी व्हिसा विचारत नाही, इतकाच काय तो फरक. पुण्यात पोचल्यावर आठवड्याभरात पहिला ऐकू आला.

कुणी आता मला आफ्रिकेला जाऊ का म्हणून विचारतं तेव्हा मी जा म्हणते. पण आधी इंदापूरजवळ कडबनवाडीला जाऊन या. वनखात्यानं तिथे माळरानाची सफारी सुरू केली आहे. लांडगे आहेत, चिंकारा आहे, खोकड आहे, धाविक आणि चंडोल आहेत, आणि मधूनच धनगरांची मेंढरं जातात. मारात जे बघायला लाखो रुपये मोजतो त्याची धाकटी पाती तिथे पाहायला मिळते. लेन्स तीच चालते, राजमाही घरचाच. झळा मात्र मारापेक्षा जास्त, तेव्हा पहाटे पोचा.

आणि एक पक्षी त्या यादीत धरू नका. अकोला-वाशिमकडच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. विडोबर्डसारखाच त्याचा नर गवतातून उंच उड्या मारतो, दिवसात पाचशेपर्यंत, आणि मादी कुठेतरी बसून ते बघत असते. फासेपारधी समाजातली, पूर्वी याच पक्ष्याला फासे लावणारी माणसं तिथे आता त्याची राखण करतात. देशात मोजके शेकडे उरलेत. एक गाडी शेजारी उभी राहिली, एक लेन्स जरा जास्त पुढे सरकली, की उड्या थांबतात आणि तेवढा मोसम वाया जातो. पाऊस सुरू झाला की माझ्या ओळखीतले फोटोवाले मला विचारतात, अकोल्याला येतेस का, जागा ठाऊक आहे. मी त्यांना विडोबर्डचे फोटो पाठवते. उडीच बघायची असेल तर ही बघा, म्हणते, आणि तुम्हीही जाऊ नका.